खुणेचे प्रामाण्य

दृश्य खुणेवरून अदृश्य वस्तूचे ज्ञान होते हे चार्वाक वगळता बहुतेक भारतीय दर्शनांना मान्य आहे. परंतु ती खूण स्वतः विश्वासार्ह आहे हे कशावरून ठरवायचे, याबाबत त्यांचे एकमत कधीच झाले नाही. मीमांसकांच्या मते प्रामाण्य स्वतः असते, म्हणजे ज्ञान उत्पन्न झाले की ते खरेच मानायचे आणि त्याला बाधक असे दुसरे ज्ञान पुढे आले तरच ते सोडायचे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः असते, म्हणजे ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानावरूनच कळत नाही, तर अन्य कशावरून तरी, बहुधा त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशावरून, समजून घ्यावे लागते. हा वाद वेदांच्या अधिकारासाठी लढला गेला. वेद अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकाला त्याचे प्रामाण्य बाहेरून आणणे परवडत नव्हते, तर वेदाला ईश्वर नावाच्या आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे, वचन मानणाऱ्या नैयायिकाला ते बाहेरून आणल्यावाचून गत्यंतर नव्हते. तो मूळ प्रसंग आता बहुतेकांच्या लेखी संपला आहे. वाद मात्र संपलेला नाही, कारण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो नाव न घेता रोज उभा राहतो आणि तेथे त्याचे निमित्त असते प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी.

प्रतिपिंड हे शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेतील प्रथिन होय. त्याच्या दोन टोकांचा घाट असा असतो की ते एखाद्या विशिष्ट रेणूच्या विशिष्ट भागालाच घट्ट चिकटते. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी लस टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील पेशींचा कर्करोगाच्या अमर पेशींशी संयोग घडवून एकाच पेशीच्या वंशातून एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड मिळवण्याची रीत शोधली, आणि १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा प्रतिपिंडाला मोनोक्लोनल, म्हणजे एकवंशीय, म्हणतात. त्याला रंगद्रव्य जोडून ते पेशींवर सोडले असता ज्या पेशी चमकतात त्यांच्यावर इष्ट रेणू आहे असे समजतात. संशोधकाच्या हाती येणारी खूण एवढीच.

या निबंधात जो रेणू उदाहरणादाखल घेतला आहे तो ट्रान्सफेरिन रिसेप्टर, म्हणजे पेशीचे लोह आत घेणारे द्वार. रक्तातील लोह मोकळे फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन एका वेळी लोहाचे दोन अणू धरून त्याची वाहतूक करते. प्रत्येकी ७६० अमिनो आम्लांच्या दोन जुळ्या साखळ्यांनी बनलेला हा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर त्या प्रथिनाला धरतो, दोघे मिळून पेशीच्या आत एका सूक्ष्म पिशवीत ओढले जातात, तेथे सामू सुमारे ५.५ पर्यंत उतरला की लोह सुटते, आणि रिकामे झालेले ट्रान्सफेरिन व रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतात. पेशीला लोहाची टंचाई जाणवली की रिसेप्टरांची संख्या वाढते, लोह मुबलक झाले की घटते. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, म्हणून वाढत्या तांबड्या पेशींवर हे द्वार विपुल असते. पेशी परिपक्व झाली की ती ते सूक्ष्म पुटिकांच्या रूपाने बाहेर टाकून देते.

आता प्रश्न असा की चमकणारी पेशी पाहणाऱ्याला रिसेप्टरचे प्रत्यक्ष होते की अनुमान? न्यायाच्या व्याख्येप्रमाणे प्रत्यक्षाला इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध लागतो, आणि येथे डोळ्याचा किंवा यंत्राचा संबंध रंगाशी आहे, रिसेप्टरशी नाही. चष्म्यातून पाहिलेला घडा हा घडाच असतो, पण येथे रंग प्रतिपिंडाचा, प्रतिपिंड पाहुणे आणि यजमान अदृश्य, अशी स्थिती आहे. तेव्हा हे अनुमानच होय, आणि तेही एकेरी नव्हे: रंगावरून प्रतिपिंडाचे, प्रतिपिंडावरून रिसेप्टरचे आणि रिसेप्टरवरून पेशीच्या एखाद्या अवस्थेचे, अशी अनुमानांची साखळी. प्रयोगशाळेच्या भाषेत मात्र संशोधकाने रिसेप्टर ‘पाहिला’ असे सर्रास लिहिले जाते आणि या एका क्रियापदात साखळीच्या साऱ्या कड्या दिसेनाशा होतात.

अनुमानाचे शास्त्रीय उदाहरण डोंगराचे आहे: डोंगरावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे. ज्याविषयी काही सिद्ध करायचे तो डोंगर पक्ष, ज्यावरून सिद्ध करायचे तो धूर हेतू, जे सिद्ध करायचे तो अग्नी साध्य, आणि जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी हा अटळ साहचर्याचा नियम ती व्याप्ती. मराठी अभ्यासकांच्या अनेक पिढ्यांनी हे उदाहरण अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून घोकले, यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघालेली त्याची आवृत्ती आजही अभ्यासली जाते. पुस्तकातला डोंगर निनावी आहे; परंतु पश्चिम रेल्वेवर वैतरणा आणि केळवे रोड यांच्या मध्ये असलेल्या सफाळे स्थानकाजवळ तांदुळवाडीच्या किल्ल्याचा जो डोंगर उभा आहे, तो या उदाहरणाला पुस्तकापेक्षा अधिक प्रामाणिक साक्ष देतो. तेथे पावसाळ्यापूर्वी पायथ्याचे शेतकरी भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करताना राब भाजतात तेव्हा उठणारा धूर खरा असतो आणि त्याखाली अग्नीही असतो. पावसाळ्यात त्याच उतारांवरून वर चढणारे धुके मात्र दुरून हुबेहूब धुरासारखे दिसते आणि त्याखाली ओल्या गवताशिवाय काही नसते. धुक्याला धूर समजणाऱ्याची व्याप्ती चुकलेली नसते. हेतूच पक्षावर नसतो. या दोषाला न्यायात स्वरूपासिद्धी म्हणतात.

प्रतिपिंडाच्या प्रयोगात धुके पुष्कळ असते. मेलेल्या पेशी कोणतेही प्रतिपिंड चिकटवून घेतात. काही पेशींवर प्रतिपिंडाच्या शेपटाकडचा भाग धरणारे वेगळेच रिसेप्टर असतात. काही पेशी रंगद्रव्याविना स्वतःच मंद प्रकाशतात. म्हणून त्याच जातीचे, त्याच घडणीचे, पण शरीरातील कशालाच न चिकटणारे दुसरे प्रतिपिंड शेजारच्या नळीत वापरतात, आणि त्या नळीतही चमक दिसली तर पहिल्या चमकेतील तेवढा भाग धुके म्हणून वजा करतात. ही खबरदारी सोपी आहे आणि बहुतेक ठिकाणी घेतली जाते, म्हणून तिच्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही. खरी अडचण त्यापुढची आहे: धूर खराच असूनही सांगितलेला निष्कर्ष खोटा ठरू शकतो.

या रिसेप्टरचा इतिहासच याची साक्ष आहे. १९८० च्या सुमारास टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची ओळख पटवण्यासाठी तयार झालेल्या मालिकेत ओकेटी९ नावाचे एक प्रतिपिंड होते. ते अपरिपक्व टी पेशींना चिकटते, रक्ताच्या कर्करोगातील पेशींना चिकटते, आणि परिपक्व, शांत टी पेशींना चिकटत नाही, एवढेच ठाऊक असल्याने ते एका विशिष्ट वयाच्या टी पेशीची खूण समजले गेले. ते नेमके कशाला चिकटते हे कोणालाही माहीत नव्हते. १९८१ साली लंडनमध्ये रॉबर्ट सदरलँड, मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ओकेटी९ ज्याला धरते तो ट्रान्सफेरिनचा रिसेप्टर आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात इयान ट्रोब्रिज आणि बिशर ओमारी वेगळ्या प्रतिपिंडाच्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. मग उलगडले की ही खूण टी पेशीची नव्हती, कर्करोगाचीही नव्हती: जी पेशी विभागण्याच्या तयारीत आहे तिला लोह लागते, लोह हवे म्हणून द्वारे उघडतात, आणि प्रतिपिंड त्या द्वारांना चिकटते. गर्भवतीची वार, चेतवलेली निरोगी पांढरी पेशी, घडत असलेली तांबडी पेशी, या सर्वांवर ते चिकटते.

नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतो, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही जाणारा. आणि तो एवढ्यावर थांबत नाही. निष्कर्ष काही ठिकाणी खरा ठरत होता तो कशामुळे, हेही त्याला हवे असते. यासाठी त्याने उपाधीची कल्पना मांडली: साध्य जेथे जेथे आहे तेथे सर्वत्र असणारी, परंतु हेतू जेथे जेथे आहे तेथे सर्वत्र नसणारी अट. अग्नीवरून धूर सिद्ध करू पाहणाऱ्याला ओल्या सरपणाचा संयोग ही उपाधी दाखवून गप्प केले जाते आणि प्रतिउदाहरण म्हणून पुढे ठेवतात तो तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा, ज्यात अग्नी आहे पण धूर नाही. ओकेटी९ च्या चिकटण्यावरून कर्करोग सिद्ध करणाऱ्याच्या मार्गातील उपाधी म्हणजे निर्बंध सुटलेले विभाजन: कर्करोगाच्या प्रत्येक पेशीत ते आहे, परंतु ओकेटी९ चिकटणाऱ्या प्रत्येक पेशीत नाही. या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी की प्रतिपिंड पहिल्या दिवसापासून अचूक होते, ते एकाच रेणूला एकनिष्ठ होते. चूक खुणेत नव्हती, खुणेला दिलेल्या अर्थात होती. मीमांसक म्हणेल की बाधक ज्ञान आले, जुने ज्ञान गेले, यात माझ्या मताला धक्का कोठे बसला? त्याला उत्तर असे की बाधक ज्ञान आपण होऊन आले नाही. कोणीतरी असमाधानी राहून ते शोधायला गेला, आणि असमाधानी राहण्याचे कारण स्वतःप्रामाण्याच्या मतात सापडत नाही.

व्याप्ती पक्की करण्याची रीत अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन अंगांनी चालते. अन्वय म्हणजे जेथे हेतू तेथे साध्य हे दाखवणे, आणि व्यतिरेक म्हणजे जेथे साध्य नाही तेथे हेतूही नाही हे दाखवणे. प्रतिपिंडाच्या बाबतीत व्यतिरेक दाखवण्याचा सर्वांत निर्णायक मार्ग म्हणजे ज्या जनुकातून तो रेणू बनतो ते जनुकच पेशीतून काढून टाकणे आणि मग प्रतिपिंड चिकटते का ते पाहणे. चिकटले तर ते खोटे. परंतु ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या बाबतीत हा मार्ग अवघड होतो, कारण लोहाचे द्वार बंद केले की पेशी जगणेच कठीण. हे जनुक पूर्ण नाहीसे केलेले उंदीर गर्भावस्थेतच मरतात, हे १९९९ मध्ये दाखवले गेले. न्यायाच्या परिभाषेत येथे विपक्ष, म्हणजे साध्य निश्चितपणे नाही असे ठिकाण, मिळणे दुरापास्त होते. ज्या हेतूला विपक्षच नाही त्याला केवलान्वयी म्हणून नैयायिकांनी वेगळा वर्ग केला, परंतु प्रयोगशास्त्राला केवळ अन्वयावर समाधान मानणे धोक्याचे वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे.

मार्ग निघाले ते वळणावळणाचे. परिपक्व तांबडी पेशी हा निसर्गाने दिलेला विपक्ष आहे, कारण तिने रिसेप्टर टाकून दिलेला असतो. प्रतिपिंड तिलाही चिकटू लागले तर शंका घ्यावी. पेशींना लोह पाजले असता चमक घटावी आणि लोह बांधून ठेवणारे औषध दिले असता वाढावी, ही दुसरी परीक्षा. आणि तिसरी परीक्षा सर्वांत देखणी: १९८७ च्या सुमारास चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातून वाढवलेल्या पेशींचा असा एक वंश मिळवण्यात आला की ज्यात हा रिसेप्टर नव्हता आणि तरी पेशी तगून होत्या, त्यांत मानवी रिसेप्टरचे जनुक घातल्यावर एकच फरक असलेल्या दोन पेशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पुस्तकातल्या डोंगराशेजारी पुस्तकातले सरोवर, म्हणजे जेथे अग्नी नाही म्हणून धूरही नाही असे ठिकाण, प्राचीनांना आयते मिळाले होते. येथे ते माणसाला घडवावे लागले.

न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते का, हा याच्या उलट बाजूचा प्रश्न. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात आणि नैयायिक अभावाचे ज्ञान प्रत्यक्षात बसवतात. मात्र दोघेही एक अट घालतात ती योग्यतेची. वस्तू तेथे असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल, तरच तिचे न दिसणे तिच्या नसण्याचा पुरावा होते. अंधारात घडा न दिसण्याला काही अर्थ नाही. एच६८.४ नावाचे एक प्रतिपिंड या रिसेप्टरच्या पेशीच्या आत राहणाऱ्या शेपटाला चिकटते. पेशी फोडून प्रथिने वेगळी केली की ते उत्तम काम करते, परंतु जिवंत, अखंड पेशीवर सोडले तर काहीच चमकत नाही, कारण त्याची जागा पडद्याआड आहे. जो या चमक नसण्यावरून रिसेप्टर नाही असे म्हणेल तो अंधारात घडा शोधणारा ठरेल.

योग्यतेची ही अट विसरली तर काय होते याचा मराठी मुलखातला सर्वांत प्रसिद्ध धडा लोहाशी नव्हे, रक्तगटाशी निगडित आहे. ए गटाविरुद्धच्या आणि बी गटाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी रक्त गुठळले नाही की ते ओ गटाचे, असे अनुमान सर्वत्र चालत असे. १९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा व्यक्तींचे वर्णन केले की ज्यांचे रक्त या दोन्ही कसोट्यांवर ओ सारखे दिसत होते, तरी त्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशींनाही गुठळवणारे प्रतिपिंड होते. ए आणि बी ज्या पायावर उभारले जातात तो एच नावाचा पदार्थच त्यांच्या पेशींवर नव्हता. या गटाला पुढे बॉम्बे गट असे नाव पडले. दोन खुणांच्या अभावावरून तिसऱ्या गोष्टीचा भाव सिद्ध करताना ती तिसरी गोष्ट स्वतंत्रपणे पाहण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, आणि ती गरज न वाटणे हे नुसते तर्काचे पाप नव्हते. अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते.

येथवर संशोधक स्वतः परीक्षा घेतो असे गृहीत धरले. व्यवहारात मात्र प्रतिपिंड विकत येते, सोबत त्याच्या गुणांचे पत्रक येते, आणि बहुतेक प्रयोगशाळा त्या पत्रकावर विसंबतात. हे शब्दप्रमाण झाले. न्यायाच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो वक्ता आप्त असेल तर, आणि आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा व तशीच सांगण्याची इच्छा असणारा. विक्रेत्याला या व्याख्येत बसवताना तिच्या दोन्ही अंगांची चौकशी करावी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत मज्जाशास्त्राशी संबंधित ६५ प्रथिनांविरुद्धची बाजारातील ६१४ प्रतिपिंडे, जनुक काढून टाकलेल्या पेशींवर तपासली गेली, आणि असे दिसले की प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ शोधनिबंधांत त्या प्रथिनाला न ओळखणाऱ्या प्रतिपिंडाची निरीक्षणे छापली गेली होती. निबंध लिहिणाऱ्यांनी तोपर्यंत काय केले होते? बाधक ज्ञान येईपर्यंत खरे मानले होते. विज्ञान स्वतःच्या नियमपुस्तकात नैयायिक असते आणि कामाच्या टेबलावर मीमांसक, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

प्राचीनांनी न कल्पिलेली एक गुंतागुंतही नोंदवली पाहिजे. धूर पाहिल्याने अग्नी बदलत नाही. ज्ञान वस्तूला प्रकाशित करते, तिच्यात ढवळाढवळ करत नाही, हे गृहीत बहुतेक दर्शनांत आहे. प्रतिपिंड मात्र आपल्या प्रमेयाला हात लावते. ट्रोब्रिज यांच्याच प्रयोगशाळेतील ४२/६ हे प्रतिपिंड रिसेप्टरवर असे बसते की ट्रान्सफेरिनला जागा उरत नाही आणि पेशी लोहावाचून वाढायची थांबते. दोन हातांनी दोन रिसेप्टरांना एकत्र बांधणारी प्रतिपिंडे त्यांना पुन्हा पृष्ठभागावर येऊ न देता पेशीच्या विघटनगृहाकडे नेऊ शकतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर हाच रिसेप्टर असल्याने त्याला धरून औषध मेंदूत नेण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालले, आणि त्यांत असे आढळले की फार घट्ट धरणारे प्रतिपिंड वाटेतच अडकते, बेताने धरणारे पलीकडे पोचते. २०२१ मध्ये जपानने हंटर रोग या आनुवंशिक व्याधीवर अशा प्रतिपिंडाला जोडलेल्या विकराच्या औषधाला मान्यता दिली. औषधाच्या दृष्टीने हा लाभ आहे. प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही सूचना आहे की मोजलेली संख्या मोजण्याआधी तेवढीच होती, हेही वेगळे सिद्ध करावे लागते.

एवढ्या परीक्षा मांडल्यावर परतःप्रामाण्यवाद्यावरचा जुना आक्षेप समोर येतो: प्रतिपिंड दुसऱ्या परीक्षेने सिद्ध, ती तिसरीने, ती चौथीने, आणि ही रांग कोठेच संपत नाही. नैयायिक उदयनाने याला दिलेले उत्तर व्याघाताचे होते, आणि वेदान्ती श्रीहर्षाने त्यावर चढवलेल्या हल्ल्यानंतर चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ते पुन्हा सावरले: शंका तेथपर्यंतच खरी जेथपर्यंत ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी विसंगत होत नाही. धूर हवा असला की जो निमूटपणे अग्नी पेटवतो, त्याची ‘धूर अग्नीवाचूनही होत असेल’ ही शंका तोंडची असते. याच विचाराची दुसरी बाजू संवादी प्रवृत्ती, म्हणजे ज्ञानावर विसंबून केलेली आणि फळाला आलेली कृती: तहानलेल्याला दुरून पाणी दिसते, तो जातो, पितो, तहान भागते, आणि दिसलेले पाणी मृगजळ नव्हते हे तेथे ठरते. प्रयोगशाळेतील संशोधकाची रांगही बहुधा येथेच थांबते, आणि थांबावी हे रास्त आहे.

परंतु या उत्तरात एक गृहीत दडलेले आहे: ज्याला पाणी दिसले तोच चालत जातो आणि तोच पितो. ते गृहीत सफाळे ज्यात येते त्या पालघर जिल्ह्यात टिकते का, हे पाहण्यासारखे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि २०१८ पासून चालू असलेला ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ हा कार्यक्रम प्रामुख्याने लोहाच्या गोळ्यांवर उभा आहे. रक्त कमी, म्हणून लोह कमी, या अनुमानावर संपूर्ण लोकसंख्येसाठी चालणे गैर नाही. एका व्यक्तीपुरते मात्र ते पुरत नाही, कारण या पट्ट्यातील वारली, कोकणा, कातकरी अशा आदिवासी समाजांत सिकल सेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आढळतो, त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि रक्त लोहाची कमतरता नसतानाही कमी राहते. लोहाची स्थिती पाहण्यासाठी फेरिटिन हे साठ्याचे प्रथिन मोजतात, तेही प्रतिपिंडानेच. पण अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असला की फेरिटिन वाढते आणि रिकामे कोठार भरलेले दिसते. म्हणून ट्रान्सफेरिन रिसेप्टरचा रक्तात सुटून फिरणारा तुकडा प्रतिपिंडाने मोजण्याची चाचणी आली. दाहाने ती फारशी फसत नाही, आणि लोह कमी पडले की तिचा आकडा चढतो.

मात्र तोच आकडा सिकल सेलमध्येही चढतो. पेशी भराभर फुटत असल्याने अस्थिमज्जा भराभर नव्या पेशी घडवते, नव्या पेशींवर रिसेप्टर विपुल असतात, त्यांचे तुकडे रक्तात उतरतात. मलेरियानंतरच्या भरपाईतही हे घडू शकते. १९८१ साली ओकेटी९ ने जे शिकवले तेच येथे रक्ताच्या नमुन्यात पुन्हा भेटते: रिसेप्टर मागणी सांगतो, टंचाई सांगत नाही. नैयायिकाचा उपाय हेतूला विशेषण जोडण्याचा आहे. नुसता ‘वाढलेला रिसेप्टर’ हा हेतू नव्हे, तर ‘तांबड्या पेशी फुटत नसताना वाढलेला रिसेप्टर’ हा हेतू. याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की हिमोग्लोबिनची जात तपासणारी चाचणी आधी व्हावी आणि रिसेप्टरचा आकडा तिच्या सोबतीने वाचावा. सिकल सेलच्या रुग्णालाही लोहाची खरी कमतरता असू शकते, त्यामुळे निव्वळ नावावरून गोळ्या नाकारणे हाही तितकाच उतावळा निष्कर्ष होईल. आणि ज्याला वारंवार रक्त द्यावे लागले आहे त्याच्या शरीरात आधीच साचलेल्या लोहावर आणखी लोह घालणे घातक ठरू शकते.

अशी चाचणी सहसा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत होते. सफाळ्याच्या रुग्णाचे रक्त रेल्वेमार्गाने पुढे जाते आणि परत येतो तो आकडा, ज्याच्या शेजारी विशेषणासाठी जागा नसते. प्रतिपिंड बनवणाऱ्याने त्याची परीक्षा हॅमस्टरच्या पेशींवर घेतली, प्रयोगशाळेने विक्रेत्याच्या शब्दावर ते वापरले, डॉक्टरांनी प्रयोगशाळेच्या शब्दावर गोळ्या लिहिल्या, आणि पाणी आहे की मृगजळ हे ठरवण्यासाठी चालत जाण्याचे काम अशा माणसाकडे आले ज्याला मुळात काहीच दिसले नव्हते. कृतीच्या यशाने प्रामाण्य ठरते हे न्यायाचे मत यामुळे खोटे पडत नाही, पण ते अपुरे पडते: कृतीचे फळ ज्याच्या शरीरात उतरते आणि त्या फळावरून ज्याने शिकायचे, ते दोघे येथे वेगळे आहेत, आणि गोळ्या लागू पडल्या नाहीत ही बातमी त्या आकड्यापर्यंत परत पोचण्याची वाट बहुधा नसतेच. तोपर्यंत शहरातील प्रयोगशाळेच्या लेखी आकडा बाधित झालेला नसतो, आणि मीमांसकाच्या नियमाने तो प्रमाणच राहतो.